संतुष्ट शिष्य : रेव्ह. नारायण वामन टिळक

कोंकणांतील आमच्या लहान लहान मंडळ्यांतून फिरतांना एक दुखणें आम्हांस वारंवार आढळतें. तापासारखें तें अंगाला हात लावून कळत नाहीं, म्हणून त्यावर औषधहि कोणी मागत नाहीं. तें दुखणें म्हणजे शेजाऱ्याकडे पाहून आपलें माप काढणें. एकाचा मुलगा मुंबईस चाकरीला लागून दरमहा पैसे पाठवितो, म्हणून दुसऱ्याला आपल्या खळ्यांतली भाताची रास एकाएकीं लहान दिसूं लागते. एका वाडींतल्या सुवार्तिकाला चिऱ्याचें घर मिळालें, म्हणून दुसऱ्याला आपल्या कुडाच्या भिंतींतून वारा अधिक येतोसें वाटतें. एका बहिणीला गळा चांगला, म्हणून दुसरी बहीण उपासनेंत तोंड उघडीनाशी होते. वास्तविक पाहतां रास तेवढीच आहे, वाराहि तेवढाच आहे आणि देव ज्याचें ऐकतो तें मनहि तेंच आहे. बदललें आहे तें पाहणाराची नजर.

पौल बंदिवासांत असतांना फिलिप्पैकरांस पत्र लिहितो. त्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत तो संतुष्टतेला उपजत मिळालेला स्वभाव म्हणत नाहीं. ती आपण शिकलों असें तो सांगतो. जी गोष्ट शिकावी लागते तिला शाळा लागते, गुरु लागतो आणि पुष्कळ दिवस लागतात. हें शिक्षण कसें होतें तें उपदेशापेक्षां चरित्रावरून लवकर उमगतें. म्हणून या खेपेस आम्ही आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेल्या एका शिष्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों. त्यांचीं गीतें आपण रविवारच्या उपासनेंत गातों. आपल्या ‘उपासना-संगीत’ या पुस्तकांत त्यांचीं दोनशेंहून अधिक गीतें आहेत. पण तीं गीतें ज्या मनांतून आलीं, त्या मनाला स्वस्थता कोठें लाभली, हें आपल्या मुलांस सांगण्याजोगें आहे.

जन्म व बाळपण

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं दापोलीकडील करजगांव येथें झाला. घराणें चित्पावन ब्राह्मणांचें. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. आई जानकीबाई भाविक होत्या व त्यांस कवितेची आवड होती. देवाविषयींची ओढ आणि शब्दांविषयींचें प्रेम हें धन नारायणाला आईकडून मिळालें. वडिलांचा स्वभाव मात्र करडा होता, आणि बापलेकांचें मन जुळलें नाहीं.

मुलगा सुमारें अकरा वर्षांचा असतांना आई वारली. तेव्हांपासून तें घर त्याला घर असें राहिलें नाहीं. तो नाशिकास गेला. गोदावरीच्या कांठीं गणेशशास्त्री लेले या विद्वानांपाशीं त्याला संस्कृताचें शिक्षण मिळालें. पुढें थोडा काळ तो इंग्रजी शाळेंतहि गेला. परंतु पोटाची चिंता पाठीशीं होती, म्हणून शाळा अर्ध्यावर सुटली. आई नसलेल्या, दुसऱ्याच्या ओसरीवर वाढणाऱ्या मुलाला इतरांकडे पाहून कष्टी होण्याचीं कारणें शोधावीं लागत नाहींत, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

मन न रमण्याचीं वर्षें

१८८० सालीं नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. सासरीं तिचें नांव लक्ष्मीबाई ठेवण्यांत आलें. त्या वेळीं ती अकरा-बारा वर्षांची होती. पुढचीं दहा-पंधरा वर्षें टिळक एका गांवीं फार काळ टिकले नाहींत. कोठें शाळेंत शिकविलें, कोठें भिक्षुकी केली, कोठें छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम केलें. बुद्धि तीव्र, वाणी गोड, कविता करण्याची हातोटी. तरी हातीं घेतलेलें काम मनाला पुरेना. कधीं कोणाला न सांगतां ते घरांतून निघून जात, आणि लक्ष्मीबाईंनीं माहेरच्या आधारावर दिवस काढावे.

१८९१ सालीं नागपुरास आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम त्यांस मिळालें. ‘ऋषि’ नांवाचें एक मासिकहि त्यांनीं चालविलें. आपला देश उठावा, जातीजातींच्या भिंती पडाव्या, अशी तळमळ त्यांच्या ठायीं होती. जुन्या धर्माच्या चौकटींत हें साधेना, म्हणून नवा धर्म आपणच मांडावा, असेहि विचार त्यांनीं केले. विद्वानांत त्यांचें नांव होऊं लागलें होतें, आणि अन्नवस्त्राची ददात पूर्वीइतकी नव्हती. तरीहि मन स्थिर झालें नाहीं. यावरून एवढें दिसतें कीं, अस्वस्थतेचें मूळ नेहमीं कमी मिळण्यांत असतें असें नाहीं. मिळालेलें मोजतांना आपण माप कोणाचें घेतों, यांतहि तें असतें.

आगगाडींतील भेट

१८९३ सालीं राजनांदगांव संस्थानांत नोकरी मिळून टिळक तिकडे जाण्यास निघाले. आगगाडींत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नांवाच्या एका मिशनरी गृहस्थांशीं गांठ पडली. वॉर्डसाहेबांनीं वाद घातला नाहीं. प्रेमानें बोलून त्यांनीं नव्या कराराचें पुस्तक टिळकांच्या हातीं दिलें, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल, असें भाकितहि केलें. टिळकांस तें तेव्हां पटलें नाहीं. पण पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें व तें पाळलें.

वाचतां वाचतां ते मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि तेथेंच खिळले. तें प्रवचन आपण पुष्कळदां ऐकतों, म्हणून त्यांतील धार आपल्याला लागत नाहीं. दीनांस धन्य म्हणणारा, उजव्या हाताचें दान डाव्यालाहि कळूं नये असें सांगणारा, रानांतल्या फुलांचें वस्त्र राजाच्या वैभवाहून वरचढ मानणारा हा गुरु माणसांच्या हातांतला तराजूच काढून घेतो. लोक पाहतील म्हणून जें जें करावयाचें, तें सर्व तो बाजूस सारतो आणि गुप्तपणें पाहणाऱ्या पित्यापुढें माणसाला उभा करितो. जो मनुष्य स्वतः नवा धर्म मांडूं पाहत होता, त्याला आपल्याहून मोठा गुरु भेटला. ज्या फुलांचें उदाहरण प्रभूनें दिलें, त्या फुलांवर हा मनुष्य पुढें आयुष्यभर कविता लिहीत राहिला. महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती, व तसाच तो झाला. त्या दिवशीं त्यांनीं काय गमावलें तेंहि सांगितलें पाहिजे. जात गेली, आप्त गेले. लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन आपल्या नातलगांकडे राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नींची ताटातूट झाली. संसार असा उघड्यावर पडलेला असतां हा मनुष्य अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिशनच्या सेमिनरींत शिकवीत होता आणि प्रभूचीं गीतें रचीत होता.

खालून वर व वरून खालीं

अहमदनगरच्या आसपासच्या खेड्यांत ज्या मंडळ्या होत्या, त्यांतील बहुतेक बंधुभगिनी त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींतून आल्या होत्या. त्यांच्या पंक्तीस हा ब्राह्मण बसला. आपण तुलना म्हटलें म्हणजे वरच्याकडे पाहून झुरणें एवढेंच समजतों. परंतु खालच्याकडे पाहून सुखावणें हीहि तुलनाच आहे, आणि ती अधिक विषारी आहे. जात म्हणजे तुलनेचें पिढ्यान्पिढ्या बांधलेलें घरच होय. त्यांतील प्रत्येक मजल्यावरचा मनुष्य आपल्याखालीं कोणी तरी आहे, या समाधानावर जगतो. असलें समाधान ख्रिस्ताचें नव्हे. तें दुसऱ्याच्या अपमानावर पोसलेलें असतें.

लक्ष्मीबाईंस हें घर सोडण्यास अधिक कष्ट पडले. त्या पतीकडे परत आल्या, तरी आरंभीं त्यांनीं सोंवळें सोडलें नाहीं; पाणी वेगळें, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीं त्यांच्यावर जबरी केली नाहीं. पुढें विचार करतां करतां माणसामाणसांतला हा भेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, असें त्यांच्या स्वतःच्याच मनानें घेतलें आणि सोंवळें गळून पडलें. १९०० सालीं त्यांचाहि बाप्तिस्मा झाला. आमच्या मंडळ्यांत आजहि अमुक घराणें पूर्वीं कोणत्या जातीचें, याची कुजबूज लग्नाच्या वेळीं ऐकूं येते. ज्यांच्या कानीं ती पडेल त्यांनीं लक्ष्मीबाईंची आठवण करावी. सर्वांत उंच मजल्यावरून त्या स्वतःच्या पायांनीं उतरल्या, आणि उतरल्याचें दुःख त्यांनीं कधीं मानलें नाहीं.

दोन टिळक

टिळक हें नांव त्या काळीं उच्चारलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें एकच मूर्ति उभी राही, ती बाळ गंगाधर टिळकांची. त्यांचा जन्म १८५६ सालीं रत्नागिरी शहरांत झाला. आमचे टिळक त्यांच्याहून पांच वर्षांनीं लहान. जिल्हा एक, आडनांव एक, जात एक, दोघांसहि संस्कृताची विद्या अवगत आणि दोघांचेंहि देशावर प्रेम. एकाला देशानें लोकमान्य म्हटलें. दुसऱ्याला त्याच्या जातीनें वाळींत टाकिलें. धर्म बदलला म्हणजे देशहि सोडला, असा दोष देणारेहि तेव्हां पुष्कळ होते.

तुलनेनें कडू व्हावयाचें असतें, तर यापेक्षां मोठें निमित्त कोणतें? दोन मार्ग सोपे होते. देशबांधवांनीं टाकिलें म्हणून देशाविषयीं उदास होऊन परक्यांच्या आश्रयांत स्वस्थ बसणें हा एक, आणि लोकांची मान्यता परत मिळावी म्हणून प्रभूचें नांव हळू घेणें हा दुसरा. टिळकांनीं दोन्ही टाळले. ख्रिस्ती झाल्यावरहि त्यांनीं देशभक्तीचीं गीतें लिहिलीं, आणि तीं लिहीत असतां ख्रिस्ताचें नांव झांकलें नाहीं. देशाची सेवा करण्याचा त्यांचा वांटा निराळा होता. या भूमीला तिच्याच भाषेंत, तिच्याच चालींवर ख्रिस्ताची ओळख करून देणें हा तो वांटा. दुसऱ्याचा वांटा मोठा आहे म्हणून आपला टाकून द्यावा, असें त्यांस वाटल्याचें त्यांच्या कोणत्याहि कृतींत दिसत नाहीं.

साहेबाचा बंगला

आतां जी गोष्ट आम्ही सांगणार आहों, ती आमच्या सुवार्तिक बंधूंनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी. मिशनच्या त्या काळच्या ठाण्यांत एकीकडे मिशनरीसाहेबांचे बंगले व दुसरीकडे देशी कामगारांच्या खोल्या असत. पगारांत अंतर, अधिकारांत अंतर. त्यामुळें देशी ख्रिस्ती लोकांत दोन रोग पसरले. कित्येक साहेबासारखे होऊं पाहत: तसाच पोशाख, तशाच चालीरीति, घरांत मराठी बोलण्याची लाज. दुसरे कित्येक साहेबावर मनांत कुढत राहत, पण तोंडावर मात्र हांजी हांजी करीत. नक्कल आणि कुढणें हीं एकाच झाडाचीं दोन फळें आहेत. दोहोंतहि नजर साहेबाच्या बंगल्याकडेच लागलेली असते.

टिळकांची नजर तिकडे नव्हती. आमचा ख्रिस्त आमच्या मातींत रुजला पाहिजे, आमच्या मंडळीनें स्वतःच्या पायांवर उभें राहिलें पाहिजे, हें त्यांनीं साहेबांसमक्ष आणि देशी बांधवांसमक्ष सारखेंच स्पष्ट सांगितलें. देशी पोशाख त्यांनीं सोडला नाहीं. परकीय चालींवर ओढून बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जागीं त्यांनीं अभंग दिले, ओंव्या दिल्या, भजन दिलें. कीर्तनाच्या द्वारें येशूची कथा खेड्यापाड्यांत नेली. त्यांच्या अभंगांचा ‘अभंगांजली’ हा संग्रह प्रसिद्धच आहे. तुकोबांच्या अभंगांनीं आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोंचविण्यास पुलासारखी मदत केली, असें ते उघडपणें मानीत. आपल्या घरांत जें आहे त्याची लाज न बाळगतां तेंच प्रभूच्या चरणीं वाहणें, ही संतुष्टतेची एक मोठी खूण आहे. १९०४ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांनीं केलें.

येथें कोणी विचारील, मंडळीच्या परावलंबनावर बोट ठेवणारा मनुष्य संतुष्ट कसा? या दोहोंतला भेद ओळखला पाहिजे. मत्सर म्हणतो, त्याच्याजवळ आहे तें मजजवळ असावें. न्यायाची भूक म्हणते, देवानें माझ्या भावाला दिलेलें कोणी हिरावून घेऊं नये. मत्सराला स्वतःपुरतें मिळालें कीं तो झोंपी जातो. न्यायाची भूक स्वतःचें पोट भरल्यावरहि जागी राहते. संतुष्ट राहा, याचा अर्थ अन्याय मुकाट्यानें सोसा असा टिळकांच्या आयुष्यांतून निघत नाहीं.

धाकट्याचें मोठेपण

वरच्याची बरोबरी करतां येत नाहीं म्हणून होणारें दुःख एक वेळ सोसवतें. पण आपल्या हाताखालचा धाकटा आपल्यापुढें निघून गेला म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो. १९०७ सालीं जळगांवास कवींचें संमेलन भरलें. तें भरविण्याच्या खटपटींत टिळकांचा मोठा भाग होता. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. त्या संमेलनांत खानदेशांतील धरणगांवचा सतरा वर्षांचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, याच्या कवितेनें सर्व थक्क झाले आणि त्याला ‘बालकवि’ ही पदवी मिळाली.

टिळकांनीं या मुलाला अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलासारखें वागविलें. तो हिंदूच राहिला, म्हणून त्याच्यावरील माया कमी झाली नाहीं. फुलांचे कवी म्हणून टिळकांचें नांव आधींच गाजलेलें होतें, आणि ज्याच्या हातून निसर्गाचीं गाणीं त्याहूनहि सरस व्हावयाचीं होतीं त्याला त्यांनीं स्वतःच्या ताटांतलें वाढलें. आज निसर्गकवितेची गोष्ट निघाली कीं पुष्कळ लोक आधीं बालकवींचें नांव घेतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें येशूकडे बोट दाखवून आपल्या शिष्यांस त्याच्या मागें जाऊं दिलें, हें आपण योहानाच्या शुभवर्तमानांत वाचतों. तो धडा टिळकांनीं आपल्या ओसरीवर गिरविला. पुढें ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून हा तरुण कवि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं मरण पावला. वाढविलेल्या मुलाचें दुःख टिळकांच्या घरानें सोसलें.

चूल कोणाची?

चरित्र लिहितांना उजेडाबरोबर सांवलीहि दाखविली पाहिजे. टिळकांच्या हातांत पैसा ठरत नसे. दारीं आलेल्याला ते देऊन टाकीत. अनोळखी माणसांस घरीं घेऊन येत. उद्यांची चिंता त्यांस नव्हती, ही गोष्ट गोड आहे. पण उद्यांची चूल पेटविणारें माणूस दुसरें होतें. तें लक्ष्मीबाई. धनी दानशूर म्हणून लोकांत वाखाणला जात असतां घरांत पीठ किती उरलें, हें पाहण्याचें काम त्यांच्याकडे असे. आमच्या वाचकांपैकीं जे पुरुष घरांत संतुष्टतेचा उपदेश करितात, त्यांनीं आधीं मडक्यांत हात घालून पाहावा. बायकोच्या उपासावर उभारलेली नवऱ्याची संतुष्टता प्रभूला मान्य होईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

याच लक्ष्मीबाईंच्या ठायीं आम्हांस या चरित्रांतला सर्वांत मोठा धडा दिसतो. त्यांस शाळा मिळाली नव्हती. लग्नानंतर घरच्या घरीं त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या. नवरा पंडित, कवि, संपादक, आणि आपण चुलीपाशीं बसणाऱ्या. टिळकांनीं १९०९ च्या सुमारास ‘ख्रिस्तायन’ हें ओंवीबद्ध महाकाव्य आरंभिलें होतें. तें सुमारें अकरा अध्यायांवर आलें असतां ते वारले. मोठ्या कवीचें अर्धें राहिलेलें काम कोणी हातीं घ्यावें? जोडून पाहिलें तर लोक हंसतील, हा विचार कोणाच्याहि मनांत आला असता. लक्ष्मीबाईंनीं साठांहून अधिक अध्याय लिहून तें काव्य शेवटास नेलें. त्या १९३६ सालीं वारल्या, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, तें समग्र प्रसिद्ध झालें. त्यांनीं आपल्या साध्या, घरगुती मराठींत लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रें’ या आठवणी १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागल्या. आज मराठी जाणणारे विद्वान तें पुस्तक भाषेचें भूषण समजतात. त्या पंडितासारखें लिहूं गेल्या असत्या, तर हें पुस्तक आपल्याला मिळालें नसतें. देवानें दिलेल्या एका रुपयाची दुसऱ्याच्या पांच रुपयांशीं तुलना न करतां त्यांनीं तो व्यापारांत घातला, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील त्या चाकरासारखा जमिनींत पुरून ठेविला नाहीं.

शेवटचीं वर्षें

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली. स्थिर पगार गेला. ते साताऱ्यास जाऊन राहिले आणि वैराग्यवृत्तीनें वागूं लागले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे कोणी येशूला गुरु मानून चालूं इच्छितात, त्यांचें एक बंधुमंडळ व्हावें, म्हणून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ या नांवानें काम आरंभिलें. कित्येकांस हें आवडलें नाहीं. कामाला आयुष्यहि फार थोडें लाभलें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. वय सत्तावन्न वर्षांचें. दरबार त्यांच्या मागें फारसा वाढला नाहीं. जगाच्या मापानें पाहिलें, तर हातांत उरलें अर्धवट काव्य, अर्धवट दरबार आणि रिकामी पेटी.

परंतु ज्या तरुणाचें मन नागपुरास मान असतांना रमलें नाहीं, तो साताऱ्यास कांहीं जवळ नसतांना कामांत रमला. ओढ तीच होती, फिरणें तेंच होतें. पण पूर्वीं तो कांहीं तरी शोधीत फिरत होता आणि आतां सांपडलेलें वांटीत फिरत होता. त्यांची अस्वस्थता प्रभूनें मारून टाकिली नाहीं. तिला धनी दिला. येथें आपल्या नेहमींच्या एका गैरसमजाचें निवारण होतें. संतुष्ट होणें म्हणजे इच्छा विझून जाणें नव्हे. कोणाच्या डोळ्यांत आपण भरावें ही इच्छा एका ठिकाणीं लागली, म्हणजे बाकीचीं सर्व माणसें आपल्याला प्रतिस्पर्धी न वाटतां भावंडें वाटूं लागतात.

आपल्यासाठीं

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत पुनरुत्थित प्रभु समुद्राच्या कांठीं पेत्राला त्याचें काम आणि त्याचें मरण सांगतो. पेत्र लगेच मागें वळून योहानाकडे पाहतो आणि त्याचें काय होणार, असें विचारतो. ज्या पेत्रानें नुकतीच आपल्या प्रीतीची कबुली तीनदां दिली, तोहि दुसऱ्याचा वांटा जाणून घेण्यास अधीर होतो. प्रभु त्याला योहानाचा वांटा सांगत नाहीं. तें विचारण्याचें तुला कारण नाहीं, तूं माझ्यामागें ये, एवढाच त्याच्या उत्तराचा आशय आहे. आमच्या किनाऱ्यावरील कोळी बंधूंस हें लवकर कळेल. शेजारच्या होडीच्या जाळ्यांत किती मासळी आली, हें पाहत बसणाऱ्याच्या हातांतलें सुकाणूं सुटतें.

म्हणून, प्रिय सुवार्तिक बंधूंनो, दुसऱ्या वाडींतली उपस्थिति मोजून आपल्या वाडींतल्या सात जणांस कमी लेखूं नका. तीं सात माणसें तुम्हांस सोंपविलेलीं आहेत, दुसऱ्याला नव्हेत. मातांनो, शेजारणीच्या मुलाचे गुण आपल्या मुलाच्या तोंडावर फेकूं नका. त्या बोलण्यानें मूल हुशार होत नाहीं, फक्त शेजारचें मूल त्याला शत्रु वाटूं लागतें. तरुणांनो, मुंबईहून गणपतीच्या किंवा नाताळाच्या दिवसांत नवा पोशाख घालून आलेल्या सोबत्याला पाहून आपल्या नांगराची लाज धरूं नका. त्या पोशाखामागची खोली किती लहान आहे आणि त्याला गांवची आठवण किती येते, हें त्यालाच विचारा. आणि ज्यांचा हक्काचा वांटा कोणी दाबून ठेविला आहे, त्यांनीं तो निर्भयपणें मागावा. संतुष्टतेच्या नांवाखालीं त्यांचें तोंड बंद करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

येत्या आठवड्याच्या घरगुती प्रार्थनेंत प्रत्येकानें एक गोष्ट करावी, अशी आमची विनंती आहे. ज्याच्याकडे पाहून आपल्या मनाला बोंचतें, त्याचें नांव घेऊन देवाचे आभार मानावे. पहिल्या दिवशीं शब्द घशांत अडकतील. दुसऱ्या दिवशींहि अडकतील. हा शिकण्याचा विषय आहे, आणि शिकविणारा गुरु शांत आहे. ज्यानें करजगांवच्या एका भटकणाऱ्या मुलाला शिकविलें, तो आपल्या वाडींतल्या मुलांस शिकविण्यास कंटाळणार नाहीं. त्याच्या कृपेनें आपणां सर्वांची नजर त्याच्याकडे लागो, आणि आपापल्या वांट्याचें काम आपण आनंदानें करीत राहों.